पागेतला डिजिटल थर्मामीटर : तीन तारे, आणि तेही खुशीने

आमच्याकडे स्ट्रँगल्सची, म्हणजे घोड्यांच्या जबड्याखाली गाठी आणणाऱ्या संसर्गजन्य रोगाची, साथ आली तेव्हा हे डझनभर मागवले. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घोडीचं, प्रत्येक शिंगराचं तापमान. घोड्याचं साधारण तापमान ३७.५ ते ३८.५ अंश, त्यावर गेलं की मी त्या जनावराला लगेच वेगळं काढतो. या रोगात ताप आधी येतो, नाकातून जंतू पडायला सहसा दोन-तीन दिवस उशीर होतो. जबड्याखाली गाठ दिसेपर्यंत थांबलात, तर शेजारच्या दावणीलाही प्रसाद मिळालेला असतो.

आकडा दहा-बारा सेकंदांत येतो, जुन्या पाऱ्याच्या नळीशी ताडून पाहिला, बरोबर निघाला. टोक लवचिक आहे, त्यामुळे अवखळ शिंगरांनाही इजा होत नाही.

आता रडगाणं. पडद्याला उजेड नाही. पहाटे पाचला पागेत दातांत टॉर्च धरून आकडे वाचायचे! शेपटीला अडकवायचा चिमटा तर निव्वळ थट्टा. दोन थर्मामीटर लिदीत पडले. मी जाड दोरी बांधली.

जलरोधक म्हणतात, पण जंतुनाशकात बुडवून ठेवल्यावर एकाच्या काचेखाली वाफ धरली. धुऊन, पुसून घ्या. आणि एकच सगळीकडे फिरवू नका : आजारी, संशयित आणि निरोगी गटाला वेगळा, त्यावर रंगीत पट्टी. आमचा नवा मोतद्दार लाल पट्टीचा घेऊन गाभण घोड्यांकडे निघाला होता, दारातच अडवला.