बत्तीसच्या फोर्डची चासी किट: दोनदा जोडली, आता मत लिहितो

किट घरी येऊन आठ महिने झाले आणि परवा पहिल्यांदा चासी (गाडीचा बॉडीखालचा सांगाडा) स्वतःच्या चाकांवर उभी राहिली, म्हणून आत्ता लिहितोय. खोका उघडल्या उघडल्या पाच स्टार देऊन मोकळे होणारे रिव्ह्यू मला पटत नाहीत, कारण चासीची किट कशी आहे हे ती एकदा बिनरंगाची पूर्ण जोडून, परत सगळी खोलून, रंगवून, परत जोडल्याशिवाय कळतच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, अशा किट बरेच जण बनवतात आणि तपासायच्या जागा सगळ्यांच्यात त्याच असतात.

आधी किटमध्ये काय आलं ते सांगतो. 1932 च्या फोर्डची, म्हणजे रॉडवाले (जुन्या गाड्यांत ताकदीचं इंजिन टाकून हॉट रॉड बनवणारे) जिला ड्यूस म्हणतात तिची, नवीन बनवलेली फ्रेम. व्हीलबेस मूळचाच 106 इंच, दोन्ही रेल (फ्रेमचे लांब उभे दांडे) आतल्या बाजूने प्लेट वेल्ड करून बंद केलेले, मध्ये त्यांना जोडणारा पाईपचा आडवा क्रॉसमेंबर. पुढे मस्टँग टू टाइपचं इंडिपेंडंट सस्पेन्शन आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, मागे फोर्डचा नऊ इंची अ‍ॅक्सल, त्याला धरणाऱ्या चार दांड्यांची त्रिकोणी फोर लिंक, कॉइलओव्हर (शॉकवरच बसवलेली स्प्रिंग), चारही चाकांना डिस्क, आणि फ्लोअरखाली मास्टर सिलिंडर. इंजिन माझ्याकडे होतंच, 350 क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक शेवी (शेव्हरोलेचं व्ही-8), मागे टर्बो 350 गिअरबॉक्स.

रेल बंद असणं का महत्त्वाचं ते नवीन लोकांसाठी सांगतो. मूळ गाडीत 221 क्युबिक इंचाचा फ्लॅटहेड व्ही-8, 65 हॉर्सपॉवरचा. पुढे-मागे आडवा पाटा, पुढे सलग आय-बीम, आणि ब्रेक दांडीने ओढायचे, फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक 1939 मध्ये आणले. त्या ताकदीला उघडा सी-सेक्शन रेल पुरला. आता तिप्पट-चौपट ताकदीचं इंजिन टाकलं की तोच रेल पीळ घेतो आणि मग दारं नीट लागत नाहीत. शिवाय बत्तीसचा रेल बाहेरून दिसतो, त्यावरची ती दाबलेली रेघ हीच तर गाडीची ओळख, त्यामुळे तिथे वेल्डिंगने पत्रा ओढला गेला असेल तर तो कुठे झाकायची सोय नाही. या फ्रेमची रेघ पुढच्या टोकापासून मागपर्यंत एकसारखी आहे, हात फिरवला की कळतं. इथे पूर्ण मार्क.

फ्रेम आली त्या दिवशी माझा मामा आला होता. आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेला माणूस. मी किटबरोबर आलेला तपासणीचा कागद त्याला कौतुकाने दाखवला तर म्हणाला, "अरे कागद ठेव बाजूला, ओळंबा आण." मग चार घोड्यांवर फ्रेम लेव्हलला घेतली, ठरवलेल्या भोकांतून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि कर्ण मोजले. दोन कर्णांत अर्ध्या सुताचाही फरक नव्हता. मामा काही न बोलता टेप गुंडाळायला लागला, तेव्हा मी समजलो की फ्रेम पास.

पुढच्या सस्पेन्शनवर मात्र सविस्तर लिहायला हवं. मस्टँग टू ही 1974 ते 78 ची छोटी गाडी, तिचं सस्पेन्शन आटोपशीर आणि स्टिअरिंग रॅकचं, म्हणून रॉडवाल्यांनी ते उचललं. मूळ डिझाइनमध्ये खालचा आर्म अरुंद आणि त्याला सांभाळायला एक वेगळा स्ट्रट रॉड असतो, या किटमध्ये खालचा आर्मच रुंद पायाचा केलाय त्यामुळे तो रॉड गेला, जागा मोकळी झाली. आर्म, स्पिंडल, बॉल जॉइंट सगळं पहिल्या झटक्यात बसलं. पण स्प्रिंग काढून, जॅकने चाक वर-खाली करत टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) बदलतो का ते बघितलं तर उजवीकडे जवळजवळ काहीच नाही आणि डावीकडे चांगला एक सूत! दोन संध्याकाळी गेल्या शोधण्यात. शेवटी रॅक उतरवला तर डाव्या माउंटिंगच्या बसकेवर वेल्डिंगचे दाणे चिकटलेले, त्यामुळे रॅकची ती बाजू किंचित उचललेली. कानशीने साफ केलं, परत लावला, दोन्ही बाजू सारख्या. दहा मिनिटांचं काम, पण मी हे तपासलं नसतं तर रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला गाडीने स्टिअरिंग ओढलं असतं आणि मी अलाइनमेंटवाल्याला दोष देत बसलो असतो. हा दोष कंपनीचाच, दाणे कारखान्यात घासून काढायला हवे होते.

दुसरी चूक पॅकिंगची. पुढच्या कॅलिपरच्या पिशव्यांवर डावा-उजवा उलटं लिहिलेलं. लेबल बघून लावले तर बसतात व्यवस्थित, फक्त हवा काढायचा निपल खाली येतो. निपल खाली म्हणजे हवा वरच्या भागात अडकून राहणार, कितीही पंपिंग करा पेडल स्पंजीच. निपल नेहमी सगळ्यात वर, बाकी लेबलवर काहीही लिहिलेलं असू दे.

ब्रेकचं बाकी सामान चांगलं आहे. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली, त्यामुळे ऑइल हळूहळू मागे येतं आणि पेडल पहिल्यांदा खोल जातं, म्हणून लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारे रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतात, डिस्कला 2 पीएसआयचे आणि ड्रमला 10 चे. किटमध्ये दोन्ही 2 चेच दिलेत, बरोबर दिलेत. मागच्या लाइनला अ‍ॅडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) पण आहे. पुस्तिकेत मात्र रेसिड्युअल व्हॉल्व्हवरच्या बाणाचा उल्लेखच नाही, तो चाकाकडे ठेवायचा.

मागची बाजू सरळ गेली. नऊ इंची अ‍ॅक्सलचा गोळा पुढून बाहेर निघतो, तेवढी जागा क्रॉसमेंबरने सोडली आहे. फोर लिंक त्रिकोणी असल्याने पॅनहार्ड रॉड (मागचा भाग आडवा सरकू न देणारा दांडा) लागत नाही. इंजिन मागे 3 अंश खाली झुकलेलं आहे म्हणून मागच्या गोळ्याचा पिनियन (शाफ्ट जोडायचं तोंड) 3 अंश वर घेतला, आणि हे सगळं चासी तिच्या खऱ्या उंचीवर असताना. रिकामी चासी स्प्रिंगवर उंचच बसते, तिथे मोजलेला अँगल काही कामाचा नाही, म्हणून कॉइलओव्हरच्या जागी ठरलेल्या लांबीचे लोखंडी पाईप कापून लावले होते. ही युक्ती पुस्तिकेत असायलाच हवी होती.

माझी खरी तक्रार त्या पुस्तिकेबद्दलच आहे. ती अशी लिहिली आहे की जणू माणूस किट एकदाच जोडणार आणि संपलं. मी आधी सगळं कच्चं जोडलं, इंजिन ठेवलं, स्टिअरिंगचा शाफ्ट टाकला, तेव्हा कळलं की डावीकडचा एक्झॉस्ट शाफ्टच्या वाटेत येतोय. दोन यू-जॉइंटमध्ये तो वळसा बसत नव्हता, तिसरा घ्यावा लागला, आणि तीन जॉइंट झाले की मध्ये आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर शाफ्ट मधेच लचकतो. दोन्ही गोष्टी किटमध्ये नाहीत. त्या बेअरिंगचा ब्रॅकेट, ब्रेक लाइनच्या क्लिपांची भोकं, अर्थिंगच्या जागा, हे सगळं रंगाच्या आधी करता आलं म्हणून बरं. पुस्तिकेप्रमाणे आधी पावडर कोटिंग केलं असतं तर नव्या रंगावर ग्राइंडर चालवायची वेळ आली असती.

पावडर कोटिंगनंतर एक-दोन गोष्टी लक्षात ठेवा. आटे आधी झाकून घ्या, तरी सगळीकडे टॅप फिरवाच. बॉडी माउंट आणि बुशच्या जागी कोट जाड बसतो, तिथे हातोडी मारत बसण्यापेक्षा पॉलिश पेपरने घासा. आणि अर्थच्या जागी उघडं लोखंड ठेवा.

नट-बोल्टबद्दल तक्रार नाही. सस्पेन्शनचे सगळे ग्रेड 8, डोक्यावर सहा रेघा, प्रत्येक पिशवीवर कुठला भाग ते लिहिलेलं (कॅलिपर सोडून). बॉल जॉइंटच्या नटाचं भोक स्प्लिट पिनसाठी जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळायचा, ढिला करून जुळवायचा नाही, हे मामाने मला तीनदा ऐकवलं आणि तीनही वेळा मी चुपचाप ऐकलं.

कंपनीला फोन केला तेव्हा माणूस नीट बोलला, कॅलिपरच्या लेबलची चूक मान्य केली. रॅकच्या दाण्यांचे फोटोही पाठवलेत.

परत घ्यायची वेळ आली तर हीच किट घेईन, फ्रेम आणि पुढची जॉमेट्री इतकी सरळ मिळणं सोपं नाही. ज्यांच्याकडे जागा आणि दोनदा जोडायचा वेळ नाही त्यांनी मात्र आधीच जोडून चाकांवर उभी केलेली रोलिंग चासीच घ्यावी.

परवा आम्ही दोघांनी हाताने ढकलून ती बाहेर उन्हात आणली. सध्या पुढच्या चाकांची अलाइनमेंट अशी: कास्टर 4 अंश, कॅम्बर पाव अंश आत, टो-इन अर्धा सूत, हे तात्पुरतं. मी लगेच खालच्या आर्मचे बोल्ट टॉर्क करायला निघालो होतो तर मामाने हात धरला, "थांब, रबरी बुश आहेत, वजन कुठंय अजून?" बरोबर होतं त्याचं, लटकत्या उंचीला आवळले असते तर रबर कायम पीळ खाऊन राहिलं असतं आणि लवकर फाटलं असतं. पाईपच्या उंचीवर अंदाजाने आवळता आले असते, पण खरी उंची बॉडी, काचा, पेट्रोल सगळं बसल्यावरच कळणार. तोवर ते चार बोल्ट न आवळता नुसते लावून ठेवलेत, प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळ्या खडूची खूण करून.