मुलं दूर गेलेल्या घरासाठी अ‍ॅडव्हेंट रीथ: वापरून झाल्यावरचं मत

मुलं आपापल्या वाटेला लागली, घरात नवरा-बायको दोघंच उरली, आणि आगमनकाळ (अ‍ॅडव्हेंट), म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा काळ, तोंडावर आलाय अशांसाठी हे लिहितेय. रीथ म्हणजे त्या काळात दर रविवारी एकेक वाढती मेणबत्ती लावायचं वर्तुळ. धातूचं एक कडं, त्यावर मेणबत्त्यांच्या चार खोबण्या, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी, मधोमध ठेवायला एक जाड पांढरी, प्लास्टिकच्या हिरव्या पानांची माळ आणि वाचनांची छोटी पुस्तिका, असा हा संच आहे. गेला आगमनकाळ आम्ही दोघांनी याच्याभोवती बसून काढला. उणिवा आहेत, त्या पुढे सांगते. पण घ्यावा का, असं विचारलंत तर घ्यावा.

आमच्याकडे मुलं होती तोवर नाताळापर्यंत रोज एक खिडकी उघडायचं 24 खिडक्यांचं कॅलेंडर असायचं. आज खिडकी कुणी उघडायची यावरून भांडणं व्हायची आणि तेवढ्यात नाताळ यायचा. तेव्हाचा आनंद खराच होता, मुलांच्या अंगाखांद्यावर बसून तो घरात शिरायचा. आधी मुलगा नोकरीसाठी गेला, मग लेक शिकायला गेली, आणि ते कॅलेंडर भिंतीवर लावावंसं वाटेना. शिवाय छापील कॅलेंडर दर वर्षी 1 डिसेंबरलाच सुरू होतं. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, आगमनकाळ तसा नसतो. त्याचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये कुठेही येतो, म्हणून तो कधी 22 दिवसांचा असतो, कधी 28. रीथ या रविवारांच्या चालीने चालतं. आठवड्याला एकच मेणबत्ती वाढते, घाई करायला त्यात जागाच नाही.

आता वस्तूबद्दल. कडं जड आहे, टेबलावरून सरकत नाही, रंगाचा पोपडा निघालेला नाही. खोबण्या मात्र मेणबत्त्यांपेक्षा किंचित मोठ्या आहेत. मेणबत्ती कलते आणि मेण एकाच बाजूने ओघळतं. बुडाशी फॉइलची पट्टी गुंडाळली की ती ताठ बसते. गुलाबी मेणबत्तीचा रंग इतका फिका आहे की दिवे मालवल्यावर ती जवळजवळ पांढरी दिसते. ती तिसऱ्या रविवारी लावायची असते आणि त्या रविवारचं सगळं वेगळेपण त्या रंगात असतं, तेव्हा बनवणाऱ्यांनी इथे हात आखडता घ्यायला नको होता.

पुस्तिकेबद्दल माझी खरी तक्रार आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय की घरातल्या सर्वांत लहान मुलाने मेणबत्ती लावावी. पुढे चित्रं रंगवा, मुलांना विचारा, मुलांकडून पाठ करून घ्या. आशा, शांती, आनंद, प्रीती हा चार आठवड्यांचा क्रम चांगला आहे, यशया आणि मीखा या बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांतली वाचनंही नीट निवडलीत. पण ज्या घरात मुलं नाहीत, त्या घरासाठी एक ओळसुद्धा नाही. पहिल्या रविवारी यांनी ते पान वाचलं आणि काडेपेटी माझ्यापुढे केली. दोघांत धाकटी मीच. मी मेणबत्ती लावली, आणि मग आम्ही पुस्तिका मिटून बायबल उघडलं.

लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय 80 वचनांचा आहे. रोज तीन वचनं वाचायची असं ठरलं. त्यातली गोष्ट सुरू होते तीच एका म्हाताऱ्या जोडप्यापासून. जखऱ्या आणि अलीशिबा, दोघंच, घरात मूल नाही. आपल्याकडे तान्ह्या येशूचीच गोष्ट इतकी सांगितली जाते की ती या दोन वयस्कर माणसांच्या घरातून सुरू होते हे मागे पडतं. तुम्हाला मुलगा होईल हे देवदूताचं सांगणं जखऱ्याला पटत नाही, म्हणून विसाव्या वचनात देवदूत त्याची वाचा बंद करतो, ती परत येते चौसष्टाव्या वचनात. रोज तीन वचनं म्हटलं की पहिल्या शनिवारी तो मुका होतो आणि तिसरा आठवडा सरून चौथा रविवार येईपर्यंत मुकाच राहतो. दोन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी एका गप्प घराबद्दल वाचत होतो, आमच्या गप्प घरात बसून. मला त्याचं ओझं वाटलं नाही. त्या घरात देवाचं काम थांबलेलं नव्हतं, फक्त आवाज नव्हता.

आणि तिसरा रविवार. त्या दिवशी वाट्याला आली 43 ते 45 ही वचनं. येशूची आई होणारी मरीया दारात उभी आहे, तिचं अभिवादन कानी पडताच अलीशिबेच्या उदरातल्या बाळाने आनंदाने उडी मारली आहे, आणि अलीशिबा ते तिला सांगते आहे. आम्ही काही जुळवलं नव्हतं. तीन-तीन वचनं मोजत गेलं की गुलाबी मेणबत्तीच्या, आनंदाच्या रविवारी बरोबर हीच येतात, आणि सोमवारी मरीयेचं स्तोत्र सुरू होतं. यांनी ते वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. मरीया तिथे जन्मभर राहायला आलेली नाही, हेही मला त्या दिवशी जाणवलं. सुमारे तीन महिने राहते आणि आपल्या घरी जाते. जाणाऱ्या पोरीमागे घर रिकामं होतं, आनंद मात्र अलीशिबेकडे राहतो. तो पाहुणीने आणला, पण दिला देवाने.

या रविवारचं जुनं लॅटिन नाव ‘गौदेते’, म्हणजे ‘आनंद करा’. ते बायबलमधल्या, प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातून आलंय. ते पत्र लिहिलं तेव्हा पौल बंधनात, म्हणजे कैदेत होता, ज्यांच्यावर त्याचा जीव होता ती माणसं दूर होती. तरी ‘प्रभूमध्ये आनंद करा’ हे तो दोनदा सांगतो. ‘प्रभूमध्ये’ या शब्दावर मी त्या आठवड्यात फार विसावले. मुलांची आठवण कमी होते असं नाही. त्याच रात्री लेकीचा फोन आला, पहिला प्रश्न, “आई, गुलाबी लावलीस ना?” फोन ठेवल्यावर डोळे भरून आले आणि त्याच वेळी मी मनापासून आनंदात होते. दोन्ही एकत्र असू शकतं हे मला आता ठाऊक आहे.

रीथची प्रथा जोडली जाते ती योहान हिनरिख विखर्न या जर्मन पाळकाशी. हाम्बुर्गमध्ये गरीब, निराधार मुलांसाठी त्याने घर चालवलं होतं. नाताळ कधी येणार म्हणून मुलं सारखी विचारायची, तेव्हा 1839 मध्ये त्याने लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. म्हणजे सुरुवातीपासूनच हे चाक आपल्या माणसांपासून दूर असलेल्यांसाठी आहे. संचाच्या पुस्तिकेत हे एका ओळीत जरी आलं असतं तरी ती आमच्यासारख्यांना आपली वाटली असती.

शेवटची गोष्ट सुरक्षेची. प्लास्टिकची पानं काढूनच टाका. पहिली मेणबत्ती रोज पेटते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात तिची ज्योत थेट पानांच्या उंचीवर येते. आमच्याकडे एक पान वितळून कड्याला चिकटलं. रोज वीस मिनिटं धरली तरी मोठ्या आगमनकाळात पहिल्या मेणबत्तीला नऊ तासांहून जास्त जळावं लागतं, आणि संचातली तेवढी टिकत नाही. मागवताना जांभळी एक जास्तीची सांगा, आणि गडद गुलाबी मिळाली तर तीही वेगळी घ्या.