मिक्स २.४: मास्टर गेला, मेन आला, मुकुट तेवढा राहिला

मिक्स म्हणजे इंग्रजी नावात तीन एक्स असलेलं, फुकट मिळणारं ओपन सोर्स डीजे सॉफ्टवेअर. वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या गणपतीत वाजणारा लॅपटॉपच पुढे नवरात्रात गरब्याला जातो. हे परीक्षण त्या वापरापुरतं.

२०२४ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत पडद्यावरचे शब्द बदललेत. आउटपुटला ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ म्हणतात. सिंकमध्ये, म्हणजे गाण्यांच्या लयी आपोआप जुळवताना, लय देणारा डेक (एकेक गाणं वाजवणारा भाग) ‘लीडर’, मागचे ‘फॉलोअर’. आपल्याकडे मास्टर म्हणजे शिंपी नाहीतर बँडवाला, त्यामुळे एकट्या या शब्दाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. खटकायचा तो ऑडिओच्या धंद्यातला त्याचा जोडीदार, ‘स्लेव्ह’, म्हणजे सरळ गुलाम. लिनक्सच्या आल्सा या आवाजाच्या यंत्रणेतल्या ड्रायव्हरांतही २०२० मध्ये व्हॉल्यूमच्या कोडमधून तो काढून ‘फॉलोअर’ घातला गेला. नवे शब्द कामालाही नेमके बसतात. लीडर नुसती लय देतो, बाकीचे भजनातल्या झीलकऱ्यांसारखे ती उचलतात. गंमत अशी, की लीडरच्या बटणावर चित्र मुकुटाचंच आहे!

सिंकचं बटण जरा दाबून धरलं की सिंक लॉक होतं, म्हणजे चालूच राहतं. इथे गरबा दगा देतो. हिंच या गरब्याच्या तालाचं गाणं असलं की मिक्सच्या मोजणीत बीपीएम, म्हणजे मिनिटातले ठोके, कधी दीडपट, कधी दोन-तृतीयांश निघतो. दुप्पट-निम्म्याची चूक मिक्स सांभाळून घेतं, दीडपटीची नाही, आणि लीडरच चुकला तर सगळे डेक त्याच्यामागे जातात. गाण्यावर उजवी क्लिक करून बीपीएमच्या मेनूत २/३ किंवा ३/२ निवडायचं. मंचावर थेट रेकॉर्ड केलेल्या गरब्यात लय हलते. तिथे बीट डिटेक्शनच्या सेटिंगमधली ‘टेम्पो स्थिर धरा’ अशा अर्थाची खूण काढून गाणं पुन्हा अ‍ॅनालाइज करावं.

खरी गोची कंट्रोलरच्या (लॅपटॉपला जोडायच्या बटणं-पट्ट्यांच्या पेटीच्या) मॅपिंगमध्ये, म्हणजे कुठलं बटण काय करतं ते लिहिलेल्या फाइलमध्ये. पडद्यावर ‘मेन’ दिसलं म्हणून फाइलमध्ये सगळीकडे ‘मास्टर’ शोधून ‘मेन’ केलं, की क्रॉसफेडर (एका डेकवरून दुसऱ्यावर नेणारी पट्टी) मुका! क्रॉसफेडरचा ग्रुप, म्हणजे फाइलमधलं त्याच्या गटाचं नाव, आत अजून चौकटी कंसातला ‘मास्टर’च आहे, कारण तो बदलला असता तर जगभरची जुनी मॅपिंग एका रात्रीत बंद पडली असती. निर्णय शहाणपणाचा, पण अर्धं नवं अर्धं जुनं यात नवखा माणूस हमखास फसतो. पडद्यावर चूक काही दिसत नाही, लॉग फाइल उघडावी लागते.

आउटपुट जोडताना चार चॅनलचं साउंडकार्ड असेल तर मेन १-२ वर, हेडफोन ३-४ वर. लॅपटॉपच्या एकाच स्टिरिओ जॅकच्या त्याच चॅनलांवर दोन्ही टाकायला गेलात, तर मिक्स चूक दाखवून नकार देतं. बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचा वेळ) २३ मिलिसेकंदांवर ठेवा, आवाज तुटला तर ४६.