गवताच्या रानाची माती तपासायला दिली, त्याचा अनुभव

सासवडच्या एका माती तपासणी केंद्रात यंदा दोन पिशव्या दिल्या. एक बाजरीच्या रानाची, दुसरी त्याच्या बांधाला लागून असलेल्या माळाची. या माळाला माझ्या सासऱ्यांनी कधी नांगर लावू दिला नाही. तिथं पवना, मारवेल, कुसळी ही गवतं आणि त्यांच्यात शेंगवर्गातला शेवरा.

सेवा चांगली आहे. काउंटरवरच्या ताई अहवाल नुसता हातात देत नाहीत, बसवून समजावतात. बाजरीच्या रानाचा सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत आलेला कार्बन, ०.३८ टक्के आला, म्हणजे ‘कमी’. माळाचा ०.७१, ‘मध्यम’. आमची जमीन चुनखडीची, म्हणून मी मुद्दाम विचारलं की चुन्यातला कर्ब यात धरला जातो का. त्या म्हणाल्या, डायक्रोमेट आणि गंधकाम्लाच्या या पद्धतीत तो येत नाही. हे ऐकून आकड्यावर विश्वास बसला.

उणीव खोलीची आहे. नमुना १५ सेंमीचाच घेतात. खताची मात्रा ठरवायला तेवढा पुरतो, पण गवताचं खरं काम त्याच्याही खाली चालतं. मुळं दरवर्षी वाढतात, त्यातली काही मरतात. जिवंत मुळांतून पाझरणाऱ्या रसावर बुरशी आणि जिवाणू पोसतात, आणि त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना धरून राहतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीकच्या प्रयोगात उष्ण हवेत जोमानं वाढणारी गवतं आणि शेंगवर्गीय झाडं एकत्र असलेल्या वाफ्यांत कर्ब जास्त साठला. आमच्या माळावर मारवेलशेजारी शेवरा उगवतो, तो मी आता कुणाला उपटू देणार नाही.

दुसरं म्हणजे नुसत्या टक्क्यांवरून साठा कळत नाही. त्यासाठी मातीची घनता लागते, आणि ती इथं मोजत नाहीत. घनता १.३ (घनसेंमीला ग्रॅम) धरली, तर वरच्या १५ सेंमीत ०.१ टक्क्याचा फरक म्हणजे हेक्टरी साधारण दोन टन कर्ब. त्यामुळे कार्बन क्रेडिटचं, म्हणजे मातीत कर्ब साठवण्याच्या बदल्यात पैसे देण्याचं, बोलणारं कुणी दारात आलं, तर या एका कागदावर सही करू नका.

पाचपैकी चार तारे. १५ ते ३० सेंमीची वेगळी पिशवी मागितली तर घेतात, शुल्क वेगळं पडतं. फॉर्मवर खोलीचा रकाना नाही, तेव्हा आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा. ओल्या मातीत शाई पसरते.