ओढ्यातले मासे टाकीत, हातात गळ: 16 महिन्यांनंतर

मागच्या वर्षी जूनमध्ये टाकी घेतली आणि त्याच पावसात मामांनी हातात गळाची काठी दिली. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या मागोमाग आल्या, त्यामुळे अनुभवही एकत्रच लिहिते. वेगळा काढता येणार नाही.

दुकानातले गप्पी, मॉली, गोल्डफिश आधी पाळले होते. त्यामुळे ओढ्यातला मासा म्हणजे फुकटचा आणि काटक, असा समज होता. फुकटचा खरा, पण काटक मुळीच नाही. भोरच्या वर मामांच्या गावाजवळ नीरेला मिळणाऱ्या ओढ्यात जो मासा पावसाळ्यात धबधब्याच्या तोंडाशी उड्या मारतो, तोच पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर एप्रिलच्या दुपारी तोंड वासून पाण्याच्या वर येतो.

टाकी 36 इंच लांब, 15 रुंद, 15 उंच. सुमारे 130 लिटर पाणी बसतं. काचवाल्याकडून बनवून घेतली. खाली धुतलेली नदीची वाळू, वर काळे गोटे. दुकानदाराने निळी-गुलाबी खडी गळ्यात मारायचा बराच प्रयत्न केला. घेतली नाही ते बरं झालं, कारण मुऱ्या, म्हणजे तळाशी राहणारे लांबट मिशाळ मासे, वाळूत तोंड खुपसून चरतात आणि खडीच्या धारेने त्यांच्या मिशा झिजतात. पहिले पाच आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. नुसता फिल्टर चालू आणि रोज चिमूटभर खाद्य, ते कुजून अमोनिया व्हावा म्हणून. माशांच्या घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तोवर फिल्टरमध्ये वस्तीला येतात. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, ‘अगं, मासे कधी येणार?’ पाणी तपासायचं किट हा या सगळ्या खर्चातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च.

सध्या टाकीत आठ दांडवणी, सहा खवल्या, चार मळ्या आणि तीन मुऱ्या आहेत. मळ्या हा माझा लाडका. पोटाकडे तोंड, ओठाखाली चकती, तिने दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो. त्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. विल्यम साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनचे मासे गोळा करून 1839 साली त्यांची वर्णनं छापली, तेव्हा कितीतरी माशांची आपल्या कोळ्यांच्या तोंडची नावंच लॅटिनच्या पंक्तीत नेऊन बसवली. मळ्याचा मुल्या झाला, कोळशीचा कोलस, शिंगाळ्याचा सीनघाला. महाशीराची खुद्री ही जात त्याने नोंदवली ती पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. आज संगमाच्या पुलावरून जाताना मी गाडीची काच वर करते.

माझ्या खवल्यांची मात्र गंमत आहे. इतके दिवस मी त्यांना सरधोपटपणे ‘टिक्टो’ या जातीच्या म्हणत होते. पण नीरा आणि पवनेच्या पाण्यातली एक खवली 2016 साली ‘पेथिया संजयमोलुरी’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. माझ्या टाकीत नक्की कोण आहे ते खवले मोजल्याशिवाय ठरणार नाही, आणि मी काही मोजायला जाणार नाही.

आता चुका.

पहिली चूक आणताना झाली. एका पिशवीत पंधरा मासे भरले, वर हवा कमी, आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत पाऊण तास. घरी पोचेपर्यंत निम्मे उलटे. त्यानंतर झाकणाची बादली, बॅटरीवरचा हवेचा पंप, पाच-सहाच मासे, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांना खायला काही नाही. पुढच्या दोन्ही खेपांना एकही दगावला नाही.

दुसरी चूक फिल्टरची. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर गप्पींना पुरतो. मळ्यांना नाही. एप्रिलमध्ये पाणी 32 अंशांवर गेलं आणि चारही मळ्या काचेला वरच्या कडेशी चिकटून बसल्या. मग तासाला 1000 लिटर पाणी फेकणारा छोटा पंप टाकीच्या एका टोकाला लावला, असा की पाण्याचा पृष्ठभाग फाटत राहील. वर टेबलफॅन. वाऱ्याने बाष्पीभवन होऊन पाणी दोन-अडीच अंशांनी उतरतं, मात्र रोज तांब्याने भर घालावी लागते. नवरा म्हणतो, या घरात आपल्याला कूलर नाही आणि माशांना पंखा आहे. पंप लावल्यावर तासाभरात मळ्या प्रवाहाकडे तोंड करून दगडावर ओळीने बसल्या, तेव्हा तोही गप्प झाला.

पाणी दर रविवारी दोन बादल्या बदलते. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर. सोसायटीत टँकर आला की त्या आठवड्यात बदल बंद.

डोकऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोकऱ्या म्हणजे मरळीचा धाकटा भाऊ, वीतभराचा, शेपटीच्या कडेला नारिंगी रेघ. बाकीच्यांना खाईल म्हणून जोडी वेगळ्या दोन फुटी टाकीत ठेवली. हा मासा पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतो, म्हणून झाकणाखाली दोन-तीन इंच मोकळी जागा हवी, आणि झाकणावर वजन हवं. वजन नव्हतं त्या रात्री नर सोफ्याखाली सापडला. केराने माखलेला, पण जिवंत. पुढे ऑगस्टमध्ये त्याच्या गळ्याखाली फुगवटा आला, खाणं बंद झालं. मला वाटलं रोग. औषधाची बाटली हातात घेतली होती. फोनवर मामा हसायला लागले. ‘अगं, बाप आहे तो. तोंडात पोरं धरलीयेत त्यानं.’ दोनेक आठवड्यांनी एका सकाळी त्याच्या तोंडाभोवती पिल्लांचा ढग होता. मुलाने शाळेला दांडी मारली आणि मी ती मारू दिली.

आता गळ. पुण्यातल्या एका दुकानात मला ‘नवशिक्यांचा पूर्ण संच’ म्हणून सात फुटी घडीची काठी, रीळ, 0.40 मिलिमीटरचा जाड तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि अंगठ्याएवढे गळ देण्यात आले. नीरेच्या काठावर पहिल्या तीन रविवारी काही नाही. शेजारी मामा, साधा बांबू, बारीक तंगूस, तरंगा म्हणून ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा. अर्ध्या तासात त्यांच्या डब्यात सात. त्यांच्या मते माझा गळ या माशांच्या तोंडात जाणारच नाही, तो म्हशीला वेसण घालायला ठीक आहे. आता 0.18 चा तंगूस, 14 नंबरचा बारीक गळ, त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून बोथट केलेला. काठी तीच ठेवली आहे, ती वाईट नाही. रिळात मात्र एका पावसाळ्यातच गंज शिरला.

टाकीचा उपयोग इथे झाला. खवली आमिष एकदम गिळत नाही, कडेकडेने टोचत राहते, हे मी घरी गांडुळाचे तुकडे टाकून शंभरदा पाहिलं होतं. त्यामुळे तरंगा नुसता थरथरला तर आता हात हलत नाही. तो आडवा सरकला की मगच काठी उचलते. मळ्या दगडाखाली कुठे बसतो तेही डोळ्यांना कळायला लागलं, पण तो गळाला लागत नाही, शेवाळ खाणाऱ्याला गांडुळाचं काय. आणि उलटंही झालं. ओढ्यात ज्या जागी मासा लागतो तिथे नेहमी एक संथ कोपरा आणि शेजारून जाणारी धार असते, हे पाहून टाकीतले दगड पुन्हा मांडले. तेव्हापासून दांडवणींची आपापसातली मारामारी कमी झाली.

धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय बसू नका. जलाशयात बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो, माशांचं बीज त्यांनी सोडलेलं असतं. मी विचारलं तर काठावर बसायला हो म्हणाले, फक्त कटला लागला तर त्यांचा. रास्त आहे. देवाच्या डोहांपासूनही लांब. महाडजवळ वाळणकोंडला वरदायिनीच्या डोहातले महाशीर भाविकांचे, तिथे हातात चुरमुरे घेऊन जायचं, गळ नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी 2020 साली नवी जात म्हणून नोंदवलेल्या मुरीची जागा तर 2021 मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिथे बादली घेऊन जाणाऱ्याला काय म्हणावं!

चढणीच्या माशांवरून मामांशी माझं पहिल्यांदाच वाजलं. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यातून वर चढतात, तेव्हा गावात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन निघतात. मामांचं लहानपण त्या माशांच्या कालवणावर गेलं. मी म्हटलं, पोटात अंडी असलेले धरले तर पुढच्या वर्षी काय धरणार? त्यांचं म्हणणं, ओढे आटले ते वरच्या बंगल्यांच्या बोअरने, आमच्या खोईनीने (मासे धरायच्या सापळ्याने) नाही. दोघांचंही थोडं खरं आहे. आमचा तह असा झाला: चिलापी, म्हणजे बाहेरून आलेली तिलापिया, लागली की कढईत, तिला कितीही मारली तरी ती संपत नाही, आणि आपल्या ओढ्यातलं काहीही लागलं की ओल्या हाताने परत पाण्यात. चढणीच्या आठवड्यात मामा जातात. मी जात नाही, पण कालवण आलं तर ताटावरून उठतही नाही.

टाकीतले मासे किंवा त्यांची पिल्लं जास्त झाली म्हणून दुसऱ्या ओढ्यात सोडू नका, रोग बरोबर जातो. डोकऱ्याची अकरा पिल्लं मी तिघांना वाटली, झाकणावर वजन ठेवायचं बजावून. एकाचा परवा फोन आला, ‘ताई, पायपुसण्यावर सापडला, पण चालू आहे.’

पुढची टाकी चार फूट लांब आणि फक्त दहा इंच उंच सांगितली आहे, ओढ्यासारखी उथळ. काचवाला दोनदा खात्री करून गेला की मी लांबी आणि उंचीची अदलाबदल तर केली नाही ना.