संलग्न, स्वायत्त की विद्यापीठाचा विभाग?

प्रवेश घेताना सगळे कॉलेजचं नाव बघतात. पेपर कोण काढतं आणि तपासतं कोण, हे फार थोडे विचारतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 खालच्या विद्यापीठांत राज्यपाल कुलपती असतात, रोजचा कारभार कुलगुरू पाहतात. विषयाचं अभ्यास मंडळ अभ्यासक्रम आखतं, विद्यापरिषद तो मंजूर करते. संलग्न, म्हणजे विद्यापीठाला जोडलेल्या, कॉलेजातल्या प्राध्यापकांना तोच शिकवावा लागतो. विद्यापीठाची परीक्षा असली की सगळ्या कॉलेजांच्या उत्तरपत्रिका तपासून होईपर्यंत निकालाची वाट बघायची, आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्जही विद्यापीठाकडेच. पण घरच्यांची बदली झाली आणि त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात जावं लागलं, तर अभ्यासक्रम तोच राहतो. ज्याच्यावर ही वेळ येते त्याला या सोयीचं मोल कळतं.

कॉलेजला स्वायत्तता यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) देते, तीही ठरावीक मुदतीसाठी. अभ्यास मंडळ, परीक्षा, निकाल सगळं कॉलेजचं. पदवी मात्र विद्यापीठाचीच, तिच्यावर कॉलेजचं नाव असतं. ‘स्वायत्तच्या पदवीला किंमत नाही’ असं पालक अजून म्हणतात. ही भीती मनातून काढून टाका. काळजी करायची तर दुसऱ्या गोष्टीची: बहुतेक वेळा शिकवणारेच पेपर काढतात आणि तपासतात. शिक्षक तळमळीचे असतील तर नवे विषय लवकर येतात, निकालही वेळेवर लागतात. नसतील तर गुणांची खैरात होते आणि पोरं पुढच्या प्रवेश परीक्षेत उघडी पडतात. म्हणून मागच्या दोन वर्षांचे पेपर मागून घ्या, आणि अभ्यास मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं वेबसाइटवर आहेत का बघा. पेपर दाखवायला खळखळ करणाऱ्या कॉलेजात मी तरी मुलाला घालणार नाही.

विद्यापीठाचा विभाग मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी. मोठं ग्रंथालय, संशोधन करणाऱ्यांची सोबत आणि एकाच आवारात इतर विषयांचे विभाग, यासाठी पदव्युत्तरला माझा कौल तिकडे. फक्त पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणारे, किती, हे आधी विचारा.

अभिमत (डीम्ड) विद्यापीठ या तिन्हींत बसत नाही. ते स्वतःची पदवी देतं.

राहिली फी. स्वायत्त म्हणजे महाग, असं गृहीत धरू नका. एकाच कॉलेजात एक अभ्यासक्रम अनुदानित असतो आणि शेजारच्या वर्गातला विनाअनुदानित. तुमचा कुठला, ते अर्ज भरण्याआधी कार्यालयातून लेखी घ्या.