सोसायटीसाठी वायरलेस इंटरकॉम घ्यावा की तारेचाच? ६० फ्लॅटचा पाच वर्षांचा हिशोब

सोसायटीत इंटरकॉम बदलायचा विषय निघाला की पहिल्याच मीटिंगला कोणीतरी म्हणतंच, आता वायरलेस टाका ना, कशाला भिंती फोडायच्या, आणि सगळे माना डोलवतात. मग कोटेशन येतं, त्यात "वायरिंगचा खर्च शून्य" हे ठळक अक्षरात, आणि एकूण आकडाही तारेच्या सिस्टीमपेक्षा कमी दिसतो. गडबड इथंच आहे. तारेचा मोठा खर्च एकदाच होतो, वायरलेसचा दर वर्षी होतो, आणि कोटेशनवर दिसतो तो फक्त पहिल्या दिवसाचा खर्च. म्हणून खाली सगळं पाच वर्षांवर काढलंय, आणि शेवटी दर फ्लॅटला महिन्याला किती पडतं तेच धरलंय, कारण एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, लोक तेवढंच विचारतात.

हिशोबाला ६० फ्लॅट, तीन विंग, सात मजले आणि एक गेट धरलंय. सामानाचे आणि मजुरीचे दर गोल आकड्यात धरलेत, तुमच्याकडे कमी-जास्त होतील, पण चित्र फार बदलत नाही. १८ टक्के जीएसटी सगळीकडे धरलाय. बहुतेक व्हेंडर "टॅक्सेस एक्स्ट्रा" बारीक अक्षरात लिहितात आणि छोट्या सोसायटीला तो जीएसटी परत मिळत नाही, तो सरळ खर्चातच जातो.

आधी तारवाला बघू, कारण बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशीच होणार. ऑफिसात किंवा गेटवर ईपीएबीएक्सचा डबा, म्हणजे सोसायटीतले फोन एकमेकांना जोडणारं छोटं एक्स्चेंज, तिथून प्रत्येक विंगच्या डक्टमध्ये जाड केबल, डक्टमधल्या टॅग ब्लॉकवरून (तारा जोडायची पट्टी) प्रत्येक फ्लॅटला दोन तारांची एक जोडी, आणि फ्लॅटमध्ये सहाशे-आठशेचा साधा फोन. या फोनला वेगळा प्लग लागत नाही, एक्स्चेंजच त्या दोन तारांवरून त्याला वीज देतं, त्यामुळे एक्स्चेंजला बॅटरी असली की महावितरणने गुरुवारी दिवसभर लाईट घालवली तरी फोन वाजतो. फ्लॅटमधून फ्लॅटमध्ये बोलायला पैसे नाहीत आणि ऐंशी वर्षांच्या आजींनाही तीन आकडे फिरवता येतात. दुखणी पण ठरलेली. डक्टमधल्या डब्यात पाणी गेलं की तांबं हिरवं पडतं आणि लाईनवर खरखर सुरू होते, उंदीर केबल कुरतडतात, वॉटरप्रूफिंगवाले टेरेसवर ठोकाठोक करताना जोडी तोडून जातात, आणि एखाद्या फ्लॅटमध्ये इंटिरियरवाल्याने पॉइंट टीव्ही युनिटच्या मागं कायमचा गाडलेला असतो. मे-जूनच्या वळवात विजा झाल्या की एक्स्चेंजचं एखादं कार्ड जळतं, म्हणून सर्ज प्रोटेक्शन आणि नीट अर्थिंग कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.

सगळं नव्याने करायचं तर फ्लॅटमागं ३००० धरा, म्हणजे १ लाख ८० हजार, जीएसटीसकट २ लाख १२ हजार. पहिलं वर्ष वॉरंटीत, पुढची चार वर्षं ८ टक्क्यांनी एएमसी (वर्षाचा देखभाल करार) म्हणजे अजून साधारण ६८ हजार. एकूण २ लाख ८० हजार, म्हणजे फ्लॅटला महिन्याला ७८ रुपये.

पण बहुतेक जुन्या सोसायट्यांत सगळं नव्याने करायची गरजच नसते. टेक्निशियनला एक दुपार बोलवा, टॅग ब्लॉकवर टेस्टिंगचा फोन लावून एकेक जोडी तपासायला सांगा आणि कागदावर फ्लॅटनंबर लिहून पुढं चालू किंवा बंद एवढंच लिहून घ्या. दोन तृतीयांश जोड्या चालू निघाल्या तर वायरलेसचा विषय तिथंच संपला असं मी म्हणेन, एक्स्चेंज बदला, खराब जोड्या ओढा, निम्म्याच्या आत काम होतं. गंमत म्हणजे हा कागद न करताच लोक तीन-तीन कोटेशनं मागवतात आणि व्हेंडरपण काही बोलत नाही, त्याला पूर्ण काम हवंच असतं.

आता "वायरलेस इंटरकॉम" या नावाखाली सगळ्यात जास्त गळ्यात मारतात तो प्रकार, म्हणजे प्रत्येक फ्लॅटमध्ये सिमकार्डवाला टेबल फोन. दिसायला लँडलाईनसारखा, आत सिम आणि बॅटरी. फोन ३००० चा धरला जीएसटीसकट, तर ६० फ्लॅटचे १ लाख ८० हजार, तारेपेक्षा कमी, बसवायला एक दिवस पुरतो, भिंतीला एक भोक नाही. सगळे खूश. आणि रिचार्ज?

ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांना फक्त व्हॉइस आणि एसएमएसचे वेगळे पॅक काढायला लावले, त्यानंतर एअरटेलचा वर्षभराचा असा पॅक १८४९ ला आला. दर पुढंमागं होतील पण हाच धरू. १८४९ गुणिले ६०, वर्षाला १ लाख १० हजार ९४०. पाच वर्षांत साडेपाच लाख. नुसता रिचार्ज! आणि "इनकमिंग तर फ्री असतं ना" म्हणू नका, व्हॅलिडिटी संपली की इनकमिंगपण बंद होतं. फोनसकट पाच वर्षांचे ७ लाख ३५ हजार, फ्लॅटला महिन्याला २०४ रुपये, आणि कधीतरी बदलाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या यात नाहीत.

अजून एक भानगड अशी की एका माणसाच्या नावावर ९ पेक्षा जास्त सिम चालत नाहीत, त्यामुळे "सेक्रेटरींच्या नावावर घेऊ" हा उपाय बाद. सोसायटीच्या नावाने बिझनेस कनेक्शन घेतलं तरी प्रत्येक वापरणाऱ्याचं केवायसी लागतं, आणि भाडेकरू बदलला की परत तेच. स्वस्तात मिळतात ते फोन बऱ्याचदा फक्त टूजीचे असतात, त्यात जिओ चालणारच नाही कारण जिओचं टूजी नेटवर्कच नाही, म्हणून घ्यायचाच असेल तर फोर-जी व्हॉइस चालणारा घ्या. आणि रेंज हॉलच्या खिडकीत उभं राहून बघू नका, फोन जिथं ठेवणार तिथं बघा. मायव्हान पद्धतीने बांधलेल्या नव्या टॉवरांत सगळ्या भिंती काँक्रीटच्याच असतात, विटेच्या भिंतीतून जेवढा सिग्नल येतो तेवढा त्यातून येत नाही, खालच्या मजल्यांवर तर रडारडच असते.

वायफायवर चालणारे फोन मी दोन वाक्यात संपवतो. रहिवाशाच्या राउटरवर जोडले तर त्याने पासवर्ड किंवा कंपनी बदलली की इंटरकॉम बंद, आणि सोसायटीने स्वतःचं वायफाय प्रत्येक मजल्यावर उभं करायचं म्हटलं तर त्याला केबल ओढावीच लागते, मग वायरलेस कशाला म्हणायचं!

ॲपवाला पर्याय, मायगेट, नोब्रोकरहूड वगैरे. खरं तर हे इंटरकॉमपेक्षा बरंच जास्त काही देतात, पाहुण्याचा फोटो येतो, डिलिव्हरी आधीच अप्रूव्ह करता येते, कामवाल्या मावशी किती वाजता आल्या त्याची नोंद राहते. फ्लॅटला महिना ३० रुपये अधिक जीएसटी धरा, गेटवर दोन टॅब, ते मध्ये एकदा बदलावे लागतील, इंटरनेट महिना ७००. पाच वर्षांचे २ लाख १७ हजार, फ्लॅटला ६० रुपये. तारेपेक्षा स्वस्त दिसतंय, आणि वर्षा-दोन वर्षांनी रिन्यूअलला दर वाढला नाही तर आहेच. म्हणून दरवाढ किती टक्क्यांपर्यंत हे करारात आधीच टाकून घ्या. काही प्लॅन फुकट असतात पण मग जाहिराती येतात. डेटाचंही विचारा, सोडून जाताना नोंदी परत मिळणार का आणि पुसणार का, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर हे विचारायला लाजायचं कारण नाही. पण खरी अडचण म्हणजे मोबाईलचं बॅटरी सेव्हर, नोटिफिकेशन येतंच नाही आणि कुरिअरवाला खाली उभा. अशा वेळी ॲप साधा फोन कॉल लावतं की नाही ते डेमोत तपासा, ते नसेल तर ज्येष्ठ मंडळींच्या घरी हे चालणार नाही, लिहून ठेवा.

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. गेटवर एक जीएसएम गेटवे, म्हणजे सिमवरून मोबाईलला कॉल लावणारा डबा, त्यात दोन सिम, आणि वॉचमनकडे साधा फोन. त्याने ४०२ दाबलं की कॉल ४०२ वाल्यांच्या रोजच्या मोबाईलवर जातो, नंबर त्याला दिसतसुद्धा नाही. गेटवे जीएसटीसकट २३-२४ हजार, दोन सिमचा पाच वर्षांचा रिचार्ज १८,४९०, फोन दोनेक हजार. सगळं मिळून ४४ हजारांच्या आसपास, फ्लॅटला महिन्याला बारा-तेरा रुपये! तोटे आहेत. फ्लॅट टू फ्लॅट बोलणं नाही, घरातला मोबाईल ज्याच्याकडे तो ऑफिसात असला की वॉचमनशी बोलणार तोच, म्हणून एका फ्लॅटला दोन-तीन नंबर ओळीने लागतील असं सेटिंग करून घ्यायचं. नंबरांची यादी दर महिन्याला कोणीतरी बघायला हवी आणि ते काम शेवटी मॅनेजरच्याच गळ्यात पडतं. शिवाय अनलिमिटेड प्लॅन वैयक्तिक वापरासाठी असतात, सिम घेताना वापर काय ते सांगूनच घ्या. पण गेटवरून घरी विचारणं एवढंच काम असेल तर हे पुरतं, आणि खरं सांगा, आता इंटरकॉम त्याच्यापलीकडे किती वापरतो आपण?

विंगांच्या आतली तार चांगली आहे पण गेटपासून विंगपर्यंतची केबल मेलीये, असंही खूप ठिकाणी असतं. तिथं पेव्हर ब्लॉक उचकटून खोदायच्या आधी पाच गिगाहर्ट्झच्या वायरलेस ब्रिजचा (दोन टोकांना दोन अँटेना लावून केबलचं काम हवेतून करणारी जोडी) दर काढा, हा बँड आपल्याकडे २०१८ पासून लायसन्सशिवाय वापरता येतो, एका जोडीला दहाएक हजार. मात्र ब्रिजवरचा कॉल विंगमधल्या तारेवर घ्यायला प्रत्येक विंगला छोटा गेटवे लागतो, वरच्या सिमवाल्यापेक्षा वेगळा, आणि महाग तोच पडतो, म्हणून खोदाईचा दर शेजारी ठेवूनच ठरवा. दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत, मध्ये आंब्याचं झाड असलं तर उन्हाळ्यात चालेल आणि पावसात ओल्या पानांनी सिग्नल खाल्ला की बंद पडेल.

लिफ्टमधला फोन मात्र यातल्या कुठल्याच वायरलेस पर्यायावर टाकू नका. स्टीलच्या केबिनमध्ये मोबाईलची रेंज जाते, आणि लिफ्टसोबत खालीवर होणाऱ्या केबलमध्ये बहुतेकदा एखादी जोडी रिकामी असते, लिफ्टवाल्याला विचारून तिच्यावरच फोन घ्या.

मग कोणी काय घ्यावं? चालू जोड्या निघाल्या तर तारच, डोळे मिटून. डक्टच बुजलेले, तार ओढायला जागाच नाही, तर गेटवरचा गेटवे, आणि दोनशे-तीनशे फ्लॅटचं मोठं कॉम्प्लेक्स, दिवसभर डिलिव्हरीवाल्यांची रांग, तर ॲप, तेही गेटवेला जोडून. घरोघरी सिमचा फोन मी तरी कुठल्याच बिल्डिंगला सुचवणार नाही.

पैसे कुठून आणायचे यावरही आधीच बोला. मॉडेल बायलॉजमध्ये (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम) सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के जमा करायचा सांगितलाय, पण तो मोठ्या दुरुस्तीसाठी आणि स्ट्रक्चरल कामासाठी, नव्या इंटरकॉमसाठी तो फोडला तर ऑडिटर विचारणारच. जनरल बॉडीचा ठराव करून एकदाच वर्गणी काढलेली बरी. ती सगळ्या फ्लॅटना सारखी लावा, सर्व्हिस चार्जेस समान वाटायची पद्धत आहेच. बंद फ्लॅटवाले आणि खालचे दुकानवाले कुरकुर करणार, त्यांना महिन्याचा आकडा दाखवा, पूर्ण लाखांचा नको.

आणि व्हेंडरला पूर्ण पैसे एकदम देऊ नका. दहा टक्के पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा आणि वर्क ऑर्डरमध्ये तसं लिहा, तारेचं काम असो की ब्रिजचं, पावसानंतर सगळ्या ६० फ्लॅटना गेटवरून एकेक रिंग देऊन मगच चेक काढायचा.